डेलिलीचा नवा वाण: परागणापासून नोंदणीकृत नावापर्यंत

डेलिलीच्या दोन फुलांचा संकर करायला एक मिनिट पुरतं. परागांनी माखलेला पुंकेसर तोडायचा, दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, लावायचा, चिठ्ठी बांधायची, झालं. सहा-आठ आठवड्यांत बोंड पिकतं, आतून काळ्या चकचकीत बिया निघतात, आणि त्यातल्या प्रत्येक बीतून आजवर जगात नसलेलं एक रोप उगवतं. पण नवं रोप म्हणजे नवा वाण नव्हे. शेकडो रोपांतून नाव द्यायच्या लायकीचं एखादं ओळखायचं, आणि बाकीची सुंदर असूनही काढून टाकायची, हे खरं काम. या लेखात संकराची कृती सविस्तर आहे, पण सर्वात जास्त जागा निवडीला आणि नावाला दिली आहे, कारण नवे लोक तिथेच घाई करतात.

हा छंद मुख्यतः अमेरिकेत वाढला. तिथल्या घरांच्या अंगणात डेलिली सर्वत्र दिसते, आणि नोंदवलेल्या वाणांची संख्या १ लाखाच्या पुढे गेली आहे. त्यातले पुष्कळ वाण विद्यापीठांनी किंवा कंपन्यांनी नव्हे, तर घराच्या मागच्या अंगणात काम करणाऱ्या शिक्षकांनी, गृहिणींनी, निवृत्त लोकांनी तयार केले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना म्हणूनच हे काम अगदी हाताशी आहे. आमच्याकडे न्यू जर्सीत जूनअखेर ते जुलै हा मुख्य बहर, त्यामुळे पुढचं वेळापत्रक त्या हवामानाचं आहे. महाराष्ट्रासाठी काय बदलावं ते शेवटाकडे सांगितलं आहे.

रोपाची ओळख

नावात लिली असली तरी ही खरी लिली नाही. हिला कांदा नसतो. जाडसर मुळांच्या झुपक्यावरून पंख्यासारखी पसरलेली पानं येतात, अशा एका पंख्याला आपण फुटवा म्हणू. फुटव्याच्या मधून फुलदांडा वर येतो, त्यावर अनेक कळ्या असतात, आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. मूळ देश चीन, जपान, कोरिया. चीनमध्ये काही जातींच्या वाळवलेल्या कळ्या स्वयंपाकात वापरतात. मांजर पाळत असाल तर मात्र सावध राहा, या रोपाचा कुठलाही भाग मांजराच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

इंग्लंडमधले शाळामास्तर जॉर्ज यील्ड यांचा 'ॲप्रिकॉट' १८९३ मध्ये लोकांसमोर आला. डेलिलीचा नोंद असलेला हा पहिला संकर. पण आजच्या रंगांचा पाया घातला तो न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या डॉ. आर्लो बर्डेट स्टाउट यांनी. त्या काळी डेलिली म्हणजे पिवळी नाहीतर केशरी. चीनमधून आलेल्या रानटी जातींचे पिढ्यान्‌पिढ्या संकर करून त्यांनी गडद लाल रंगाचा 'थेरॉन' काढला, तो १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज डेलिलीला मिळणारा सर्वोच्च मान, स्टाउट रौप्यपदक, त्यांच्याच नावाने दिला जातो. लाल रंग त्यांना एखाद्या फुलात तयार मिळाला नव्हता, थोडीशी लाली असलेली रोपं निवडत आणि त्यांचेच पुन्हा संकर करत तो त्यांनी गोळा केला. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हवं ते पहिल्या पिढीत क्वचितच मिळतं.

आधी उद्दिष्ट, मग रोपं

नर्सरीतून आवडतील ती वीस रोपं आणून मिळेल त्याचा मिळेल त्याच्याशी संकर करणं मजेचं असतं, पण त्यातून बहुधा नर्सरीत आधीच असलेल्या फुलांसारखीच फुलं निघतात. एक वाक्य लिहून काढा: मला असं रोप हवं, जे आज मिळत नाही. हे वाक्य जितकं नेमकं, तितकं पुढचं सोपं.

उदाहरण घ्या. वॉल्टर जॅब्लॉन्स्की यांनी १९७५ मध्ये नोंदवलेली 'स्टेला दे ओरो' ही बुटकी, सोनेरी पिवळी डेलिली अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कडेला, दुकानांच्या पार्किंगभोवती सगळीकडे दिसते, कारण ती उन्हाळाभर पुन्हा पुन्हा फुलते. रंग मात्र जरा भडक, इतर फुलांशी पटकन न जुळणारा. डॅरेल ॲप्स यांनी 'सूझी वाँग' आणि 'स्टेला दे ओरो' यांच्या संकरातून 'हॅपी रिटर्न्स' काढली आणि १९८६ मध्ये नोंदवली. फुलण्याची सवय स्टेलाची, रंग लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा. एक गुण ठेवायचा, एक बदलायचा. पहिल्या प्रयत्नाला इतकंच उद्दिष्ट पुरे.

पालक निवडताना एक साधा नियम पाळा: एकाचा जो दोष, तोच दुसऱ्यातही असता कामा नये. दोघांचे दांडे कमकुवत असतील तर लेकरांकडून ताठ दांड्याची अपेक्षा करू नका. एकाचा रंग सुरेख पण कळ्या कमी असतील, तर दुसरा भरपूर कळ्यांचा घ्या. रंगांबाबत सांगायचं तर पिवळ्या-केशरी छटा एका प्रकारच्या रंगद्रव्यातून येतात आणि लाल-जांभळ्या दुसऱ्या, आणि फुलात बहुधा दोन्ही एकमेकांवर चढलेली असतात. म्हणून जांभळ्याचा गडद पिवळ्याशी संकर केला की मातकट रंग बरेच निघतात. स्वच्छ गुलाबी किंवा जांभळा हवा असेल तर दुसरा पालक फिकट, जवळजवळ पांढरा घ्यावा, उदाहरणार्थ १९७७ ची 'जोन सीनियर'. निळी डेलिली अजून कोणालाही जमलेली नाही, आणि पूर्ण पांढरीही नाही. ज्यांना 'निळी' म्हणून विकतात त्या लव्हेंडर छटेच्या असतात किंवा त्यांच्या मध्याभोवती निळसर वलय असतं.

स्वस्त, जुने वाण पालक म्हणून वाईट नसतात, पण सगळेच जुने घेतलेत तर पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलेलं काम पुन्हा कराल. दोन-तीन अलीकडचे, चांगले पालक विकत घेणं हा या छंदातला सर्वात सत्कारणी लागणारा खर्च.

डिप्लॉइड की टेट्राप्लॉइड

हे न पाहता संकर केले तर अख्खा हंगाम वाया जातो. निसर्गातल्या बहुतेक डेलिलींच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात, त्या डिप्लॉइड. कॉल्चिसीन नावाचं रसायन वापरून ही संख्या दुप्पट, म्हणजे ४४ करता येते, त्या टेट्राप्लॉइड. ऑर्व्हिल फे आणि रॉबर्ट ग्रीसबाख यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी रोपं लोकांसमोर आणली आणि तेव्हापासून डेलिलीचे दोन वेगळे प्रवाह झाले. टेट्राप्लॉइडची फुलं सहसा जाड पोताची, दांडे दणकट, झालरीच्या कडा त्यांच्यात जास्त. डिप्लॉइडमध्ये बोंडं सहज धरतात, बिया जास्त मिळतात.

दोन प्रवाहांतल्या रोपांचा एकमेकांशी संकर जवळजवळ कधीच यशस्वी होत नाही. म्हणून पालक विकत घेण्याआधी अमेरिकन डेलिली सोसायटीच्या ऑनलाइन माहितीकोशात त्याचं नाव शोधून तो कुठल्या गटात आहे ते पाहा. सुरुवात डिप्लॉइडपासून करावी असं मी सुचवीन. हात बसतो आणि बोंडं धरल्याने हुरूप टिकतो. कॉल्चिसीन विषारी आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेत रस्त्याकडेला, चरांतून आपोआप पसरलेली केशरी डेलिली पालक म्हणून घ्यायचा मोह होईल. ती ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, आणि ती बी जवळजवळ धरतच नाही. तिला तिच्या जागी राहू द्या.

प्रत्यक्ष संकर

फूल नीट पाहा. बाहेर तीन आणि आत तीन पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि त्या सहांपेक्षा लांब, टोकाशी किंचित वर वळलेला एकच स्त्रीकेसर. त्याचं अगदी टोक म्हणजे कुक्षी. पुंकेसरांच्या टोकाच्या पिशव्या सकाळी उमलताना बंद आणि गुळगुळीत असतात. ऊन चढलं, दव सुकलं की त्या फुटतात आणि पिवळा-नारिंगी भुरभुरीत पराग बाहेर दिसू लागतो. हीच वेळ.

वडील म्हणून निवडलेल्या फुलाचा एक पुंकेसर चिमटीने तोडा. आईच्या फुलाच्या कुक्षीवर त्याचं टोक हलकेच फिरवा, कुक्षीवर पिवळी पूड दिसली पाहिजे. एक पुंकेसर दोन-तीन फुलांना पुरतो. दोन्ही फुलं कोरडी हवीत, पावसाने किंवा तुषार सिंचनाने पराग भिजला तर तो दिवस सोडून द्या. तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बोंडं धरण्याचं प्रमाण घसरतं, म्हणून उष्णतेच्या लाटेत सकाळी लवकरच काम उरकावं.

डेलिलीची कुक्षी पुंकेसरांपासून बरीच पुढे असल्याने मधमाशीच्या अंगचा पराग तिला सहसा लागत नाही, आणि बहुतेक हौशी लोक फूल झाकत नाहीत. पण वंशावळ खात्रीची हवी असेल तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हाताने उघडून सहाही पुंकेसर काढून टाका, आणि परागण झाल्यावर कुक्षीवर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी टोपी बसवा. ज्या संकरावर तुमची भिस्त आहे त्याला एवढे कष्ट घ्यावेत.

वडील लवकर फुलणारा आणि आई उशिरा फुलणारी असेल, तर पराग साठवता येतो. परागपिशव्या सावलीत काही तास वाळवा, फॉइलच्या पुडीत किंवा लहान डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, वर नाव-तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. नीट वाळवलेला पराग पुढच्या वर्षीही चालतो. बाहेर काढला की लगेच वापरा, पुन्हा पुन्हा गोठवू नका.

आता चिठ्ठी. दागिन्यांना लावतात तसलं दोऱ्याचं कागदी लेबल फुलाच्या देठाला बांधा. त्यावर आधी आईचं नाव, मग गुणिले चिन्ह, मग वडिलांचं नाव. हा क्रम जगभर हाच आहे. पेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते. तीच नोंद त्याच संध्याकाळी वहीत किंवा संगणकात करा. चिठ्ठी वाऱ्याने जाते, खारी पळवतात, आणि वंशावळ न कळलेल्या रोपावर पुढची पिढी विचारपूर्वक उभी करता येत नाही.

बोंड, बिया, पेरणी

फूल कोमेजून गळताना मागे मुगाच्या दाण्याएवढी हिरवी गाठ राहिली तर आशा आहे. काही गाठी दोन-तीन आठवडे वाढून गळतात, त्याने खचू नये, एकाच संकराची चार-पाच फुलं हाताळावीत. उरलेली बोंडं तीन कप्प्यांची असतात आणि सहा-आठ आठवड्यांत तपकिरी होऊन टोकाशी उकलतात. जुलैच्या सुरुवातीचा संकर म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्या दिवसांत रोज बागेत फेरी हवी, नाहीतर बिया मातीत सांडतात. महत्त्वाच्या बोंडांवर जाळीची छोटी पिशवी बांधून ठेवली की काळजी नाही.

बिया एक-दोन दिवस सावलीत सुकवा. बोटांनी दाबून पाहा, मऊ लागल्या तर फेकून द्या. बाकीच्या चिठ्ठीसकट झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे.

थंडीत पानं पूर्ण झडणाऱ्या पालकांच्या बियांना उगवण्याआधी ओलसर थंडावा लागतो. ओलसर पेपर टॉवेल किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) बिया गुंडाळून ४ अंशांच्या आसपास चार-सहा आठवडे ठेवल्या की उगवण एकसारखी होते. बुरशी दिसली तर बिया धुऊन कागद बदला. मग कुंडीमिश्रणात एक-सव्वा सेंटीमीटर खोल पेरा, २० ते २४ अंशांत ठेवा, एक ते तीन आठवड्यांत गवताच्या पात्यासारखे कोंब दिसतात. न्यू जर्सीत जानेवारीअखेर घरात दिव्याखाली पेरून मेच्या मध्यानंतर, हिमतुषाराचं भय संपलं की, बाहेर लावता येतात.

रोपवाटिकेचा वाफा सहा तास उन्हाचा हवा. रोपांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर पुरतं, कारण बहुतेक रोपं तिथून पुढे जाणारच नाहीत. प्रत्येक संकराला क्रमांक द्या: सन, संकराचा अंक, रोपाचं अक्षर. निवड पक्की होईपर्यंत रोपाला याच क्रमांकाने हाक मारायची. लाडकं नाव आधी दिलं की ते रोप काढून टाकायला हात धजत नाही.

निवड

पहिलं फूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात येतं. एकाच बोंडातली रोपं सख्ख्या भावंडांसारखी असतात, चेहरेपट्टी मिळतीजुळती पण कोणी कोणाची नक्कल नाही. त्या सकाळी सगळीच फुलं अप्रतिम वाटतात. म्हणून पहिल्या वर्षी फक्त दोन टोकांवर निर्णय घ्या: जे स्पष्टपणे वाईट ते काढा, जे स्पष्टपणे वेगळं त्याच्याशेजारी खूण रोवा. मधल्यांना आणखी एक वर्ष द्या. पहिल्या फुलावरून आकार आणि कळ्यांची संख्या कळत नाही, रोप अजून कोवळं असतं.

दुसऱ्या वर्षापासून मात्र कठोर व्हा. सकाळी सातला पाहा: थंड रात्रीनंतर फूल पूर्ण उमललं का, की पाकळ्यांच्या झालरी एकमेकींत अडकून बसल्या? दुपारी चारला पुन्हा पाहा: उन्हाने रंग उडाला का, गडद लाल फूल वितळल्यासारखं चिकट झालं का, पांढरट फुलावर पावसाचे डाग पडले का? दुसऱ्या दिवशी कालचं फूल आपोआप गळतं का, की ओल्या चिंधीसारखं नव्या कळीला चिकटून राहतं? हे शेवटचं कोणी फोटोत पाहत नाही, पण रोजच्या बागेत त्याचा फार त्रास होतो.

मग फुलावरची नजर काढून दांड्याकडे आणा. दांडा पानांच्या वर येतो का, वाऱ्यात उभा राहतो का, त्याला फांद्या किती? सगळ्या कळ्या टोकाशी गोळा झाल्या असतील तर फुलं एकमेकांना ढकलतात. एका दांड्यावर १५ कळ्या ही मी किमान अट मानतो, वीस-पंचवीस असतील तर उत्तम. एक फूल एकच दिवस टिकत असल्याने कळ्यांची संख्या म्हणजेच बहराची लांबी.

त्यानंतर पानं. अमेरिकेत २००० साली डेलिलीवरचा तांबेरा पहिल्यांदा आढळला. पानामागे नारिंगी पुटकुळ्या येतात, पांढऱ्या कागदाने पान पुसलं तर कागदावर केशरी डाग उमटतो. कडाक्याच्या थंडीत पानं झडली की रोगाचा मुक्काम हलतो, पण दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत तो वर्षभर राहतो. निवडीच्या काळात वाफ्यावर बुरशीनाशक मारू नये असं माझं ठाम मत आहे. औषधाच्या आधाराने देखणं राहिलेलं रोप दुसऱ्याच्या बागेत उघडं पडतं.

फुटवे किती वेगाने वाढतात हेही पाहा. तीन वर्षांत एकाचे दोनच झाले तर ते रोप कोणापर्यंत पोचणारच नाही. आणि हिवाळा: दोन हिवाळे सुखरूप काढल्याशिवाय कुठल्याही रोपाची बढाई मारू नका.

शेवटची कसोटी सर्वात अवघड. तुमच्या रोपाशेजारी त्याच रंगाचा, त्याच आकाराचा बाजारातला सर्वोत्तम नोंदणीकृत वाण लावा आणि तटस्थ माणसाला, शक्यतो बागकाम कळणाऱ्या पण तुमचं मन राखायची गरज नसलेल्या माणसाला, दोन्ही दाखवा. तुमचं रोप किमान एका ठळक बाबतीत वरचढ नसेल, तर त्याला नाव देऊ नका. आवडत असेल तर बागेत ठेवा, पुढच्या संकरात पालक म्हणून वापरा. 'थेरॉन'च्या आधीही अशी कितीतरी बिनानावाची रोपं होती, आणि त्यांच्याशिवाय लाल रंग आला नसता.

कसोटीला उतरलेल्या रोपाचे एक-दोन फुटवे वेगळ्या हवामानातल्या मित्राकडे पाठवावेत. न्यू जर्सीतल्याने टेक्सासला, टेक्सासच्याने मिशिगनला. दोन वर्षांनी तिकडून फोटो आणि मोजमापं आली की मगच अर्ज भरायला बसावं.

नाव

पिकवलेल्या वनस्पतींच्या नावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे, आणि प्रत्येक वनस्पतीगटासाठी एक नोंदणी संस्था. डेलिलीसाठी ती अमेरिकन डेलिली सोसायटी. १९४६ साली ही संस्था सुरू झाली, पूर्वीचं नाव अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटी (हेमेरोकॅलिस हे डेलिलीच्या वंशाचं शास्त्रीय नाव). जगात कुठेही, कोणीही डेलिलीचा वाण तयार केला तरी नाव तिथेच नोंदवायचं.

नियम थोडे आहेत पण कडक आहेत. नाव पूर्वी कोणत्याही डेलिलीला दिलेलं नसावं, ती डेलिली आज अस्तित्वात नसली तरी. नुसत्या एखाद्या अक्षराच्या फरकाने गोंधळ होईल असंही नसावं. जास्तीत जास्त १० उच्चारावयव (सिलॅबल) आणि रिकाम्या जागा सोडून ३० अक्षरचिन्हं. १९५९ पासून नवी नावं लॅटिन स्वरूपाची ठेवता येत नाहीत. त्यात 'हायब्रिड', 'व्हरायटी' असे शब्द किंवा वनस्पतीच्या वंशाचं नाव चालत नाही. 'सर्वोत्तम लाल' यासारखी स्वतःची स्तुती चालत नाही, आणि नुसतं 'लाल' हेही नाही. जिवंत व्यक्तीचं नाव द्यायचं तर तिची लेखी परवानगी हवी. लिहिताना नाव एकेरी अवतरणात येतं.

मराठी शब्द चालतो, कारण कुठल्याही आजच्या भाषेतलं नाव मान्य आहे, फक्त नोंद रोमन लिपीत होते. म्हणून स्पेलिंग ठरवताना मराठी न येणाऱ्या माणसाला ते वाचायला द्या. भलत्याच उच्चाराने ऐकू आलं आणि तो उच्चार तुम्हाला सोसवला नाही, तर स्पेलिंग बदला किंवा शब्द बदला. एकदा नोंद झाली की स्पेलिंग कायमचं. पहाटे उमलणाऱ्या फिकट फुलाला 'झुंजुमुंजू', सोनेरी कडेच्या जांभळ्याला 'पैठणी काठ', अशी नावं कानाला गोड लागतात आणि फुलाचं काहीतरी सांगतातही. देवादिकांची नावं मात्र मी टाळेन. हे रोप विकलं जातं, उपटलं जातं, कचऱ्यातही जातं.

बरेच संकरकार आपल्या सगळ्या वाणांना एक समान आद्यशब्द देतात. आर्कान्सामधल्या सायलोम स्प्रिंग्ज गावच्या पॉलीन हेन्री यांनी आपल्या वाणांची नावं 'सायलोम' शब्दाने सुरू केली, आणि आज 'सायलोम डबल क्लासिक' म्हटलं की जाणकाराला बाग कळते. आपल्या गावाचं नाव असं वापरायला छान आहे, वाई, चौल, पाली यांसारखं आखूड असेल तर उत्तम, कारण दहा उच्चारावयवांतले दोन-तीन तेच खाणार असतं.

हवं ते नाव शिल्लक आहे का ते माहितीकोशात शोधा. संस्थेकडे नाव राखून ठेवण्याचीही सोय आहे, पण ती काही काळापुरती असते, तेव्हा रोप निवडून झाल्यावरच तिचा उपयोग करा.

अर्जात काय लागतं: आईवडिलांची नावं, फुलदांड्याची उंची, फुलाचा व्यास, बहराचा काळ (लवकर, मध्य की उशिरा), पुन्हा फुलते का, पानं झडणारी की सदाहरित, डिप्लॉइड की टेट्राप्लॉइड, सुगंध, फांद्या, कळ्या, रंगाचं वर्णन आणि फोटो. मोजमापं चांगल्या वाढलेल्या ठोंबावरून घ्या, एकुलत्या फुटव्यावरून नव्हे, आणि एका विक्रमी दांड्यावरून तर मुळीच नव्हे. आकाराचे वर्ग ठरलेले आहेत: ३ इंचांहून लहान फूल मिनिएचर, ३ ते साडेचारच्या आतलं स्मॉल, ७ इंच किंवा मोठं एक्स्ट्रा लार्ज. पाकळीची लांबी रुंदीच्या किमान चौपट असेल तर स्पायडर. रंगाचं वर्णन साध्या शब्दांत करा: मूळ रंग, मध्याभोवतीचं वलय, कड, कंठाचा रंग. फोटो सकाळच्या मऊ उजेडात काढा आणि संगणकावर रंग वाढवू नका.

नोंदणी म्हणजे मालकी नव्हे

नोंदणीने फक्त नाव पक्कं होतं. वाणावर कायदेशीर हक्क हवा असेल तर अमेरिकेत वनस्पती पेटंटचा वेगळा मार्ग आहे, त्याची मुदत अर्जापासून २० वर्षं. विक्रीला किंवा जाहीर माहितीला एक वर्ष उलटून गेलं तर पेटंटचा हक्क जातो, म्हणून वकिलाशी बोलायचं तर आधी बोला. घरगुती संकरकाराला ते सहसा परवडत नाही आणि लागतही नाही. भारतात वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याखाली वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि अर्ज अधिसूचित पिकांसाठीच घेतले जातात.

महाराष्ट्रात करायचं असेल तर

पुणे-नाशिकच्या हवेत सदाहरित वाण घ्या. हिवाळ्यात पूर्ण झोपणाऱ्या वाणांना आपल्याकडे पुरेशी थंडी मिळत नाही आणि ते वर्षागणिक क्षीण होतात. एप्रिल-मेच्या उन्हात परागणाचा हट्ट धरू नका, पारा ३२ च्या खाली असलेल्या सकाळी गाठा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पराग भिजतो, शिवाय दमट हवेत तांबेऱ्याला फावतं, म्हणून तिथे रोपं छपराखाली कुंडीत ठेवून संकर करणं बरं. सदाहरित पालकांच्या ताज्या बिया बहुधा फ्रिजमध्ये न ठेवताही उगवतात.

अमेरिकेतून येताना पिशवीत चार फुटवे किंवा बियांची पुडी टाकून आणणं बेकायदेशीर आहे. भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तांबेरा पानांवर, फुटव्यांवर बसून देशोदेशी गेलेला आहे, तेव्हा हा नियम कागदी समजू नये.

वाढवणं आणि वाटणं

तुमचा वाण फक्त फुटवे वेगळे करूनच वाढतो. त्याच्या बियांतून आलेलं रोप त्याचं मूल आहे, तो वाण नाही, आणि त्याला तेच नाव लावणं चूक आहे. बहर संपल्यावर, किंवा वसंतात पालवी फुटताना, ठोंब खणून काढा, माती पाण्याने धुवा, मुळांचे झुपके हाताने हलवत सोडवा, अगदी अडलं तरच सुरी लावा. पानं १५ सेंटीमीटरवर कापा आणि जखमा एक दिवस सावलीत सुकू द्या. देताना दोन फुटव्यांचा जोड द्यावा, एकटा फुटवा रुजायला वेळ घेतो. प्रत्येक जोडाला न पुसणारी चिठ्ठी हवी: वाणाचं नाव, तुमचं नाव, नोंदणीचं वर्ष. कोणाला कधी दिला तेही वहीत लिहा, आणि निदान दोन जोड दोन वेगळ्या बागांत ठेवा, म्हणजे तुमच्या वाफ्यात उंदरांनी मुळं खाल्ली किंवा एखादा हिवाळा फार कडक गेला तरी तिकडून फुटवा परत मागता येईल.